बांडी आभाळकर

एका जंगलात एके वर्षी आभाळातून बेडूक पडले.

मुलांनो, असं होतं कधी कधी. लांबच्या कुठल्यातरी तळ्यावर वावटळ उतरते, पाण्यासकट बेडूक उचलते आणि दमली की वाटेत टाकून देते. त्यात वावटळीचा काही हेतू नसतो. बेडकांचा तर नसतोच. पण जंगलातल्या प्राण्यांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी वर पाहिलं तर आभाळ निळंशार होतं, आणि खाली पाहिलं तर बेडूकच बेडूक.

सगळे घाबरून जांभळीखाली जमले. तिथे राजाचा दरबार भरत असे. राजा अर्थातच वाघ होता. तो आता म्हातारा झाला होता. त्याच्या पुढच्या पायात साळिंदराचा काटा मोडून राहिला होता, त्यामुळे पळताना कळ यायची. पण बसलेला असला म्हणजे तो अजून राजासारखा दिसे. म्हणून तो बहुतेक वेळ बसलेलाच असे.

प्राण्यांनी विचारलं की महाराज, हे काय चाललंय. महाराजांना ते माहीत नव्हतं. आता राजाला एखादी गोष्ट माहीत नसली तर त्याने काय करायचं असतं? प्रधानाकडे पाहायचं असतं. वाघाने तरसपंतांकडे पाहिलं. तरसपंत हे प्रधान. वाघाचं उष्टं खाऊन खाऊन त्यांचं घराणं फार विचारी झालं होतं.

तरसपंतांनी घसा खाकरला आणि सांगितलं की यात भिण्यासारखं काही नाही. महाराजांच्या राज्याची कीर्ती वरपर्यंत गेली आहे, आणि तिथली मंडळी आता इकडे राहायला येऊ लागली आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे.

प्राण्यांना हायसं वाटलं. थोडा अभिमानही वाटला.

मग तिथल्या तिथे कायदा झाला. वरून आलेल्यांना ‘आभाळकर’ म्हणायचं आणि इथे जन्मलेल्यांना ‘भुईकर’. आभाळकर हे पाहुणे, तेव्हा त्यांना कोणी खायचं नाही. भुईकरांचं मात्र पूर्वीसारखंच चालू राहील. वाघाने मान डोलावली. त्याला बेडूक आवडत नसत, त्यामुळे हा कायदा करणं त्याला अजिबात जड गेलं नाही.

पुढे मासे पडले. मग खेकडे पडले, आणि ते पडल्या पडल्या आपापसांत भांडू लागले. एक कोंबडा पडला तो आरवतच पडला. टिटवीकडे हवेची वर्दी द्यायचं काम होतं. ती रोज सकाळी झाडाझाडांवरून ओरडत जाई, “आज आभाळ निरभ्र. दुपारनंतर तुरळक कोंबड्या.” लोकांना, म्हणजे प्राण्यांना, हळूहळू त्याची सवय झाली. सवय झाली की कशाचंच नवल वाटत नाही, मुलांनो. हे तुम्हाला मोठेपणी कळेल.

आणि मग एके दिवशी बांडी पडली.

बांडी ही शेळी होती. डोंगरापलीकडच्या वाडीत कोंडाबाई नावाची एक बाई राहायची, तिची ती शेळी. अंगाने पांढरी, मागच्या बाजूला तांबडे डाग, आणि एक कान कुत्र्याने फाडलेला. त्या दिवशी ती माळावर बोराटीचा पाला खात उभी होती. वावटळ आली तेव्हा तिला वाटलं, नेहमीसारखी धूळ उडवून जाईल. म्हणून तिने नुसते डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा माळ खाली होता आणि ती वर होती. कोंडाबाई मुंगीएवढी दिसत होती आणि हात हलवत होती. बोराटीची डहाळी अजून बांडीच्या तोंडात होती. दुसरं काही सुचेना, म्हणून तिने ती चावून खाल्ली.

वावटळीने तिला डोंगर ओलांडून आणलं आणि सोडून दिलं. ती जांभळीच्या शेंड्यावर आपटली, तिथून खालच्या फांदीवर, तिथून आणखी खालच्या, आणि शेवटी कारवीच्या दाट झुडपात जाऊन रुतली. अंगावर ओरखडे आले, पण मोडलं काही नाही. झुडपातून धडपडत ती बाहेर आली, तर समोर वाघ.

दरबार भरलेला होता. बांडीचे पुढचे पाय दुमडले आणि ती मटकन गुडघ्यांवर बसली. आलेल्या पाहुणीने राजाला मुजरा केला, असं सगळ्यांनी पाहिलं.

वाघही पाहत होता. बेडूक, मासे, कोंबड्या, इथवर ठीक होतं. पण शेळी पडेल असं कायदा करताना त्याच्या मनात आलं नव्हतं. शेळी त्याने तरुणपणी एकदा वाडीवरून उचलली होती. ती चव तो विसरला नव्हता. त्याच्या तोंडाला इतकं पाणी सुटलं की ते खाली टपकू लागलं.

“महाराज गहिवरले आहेत,” तरसपंतांनी जाहीर केलं.

अशी बांडी शेळीची बांडी आभाळकर झाली. तिला झऱ्याकाठची जागा मिळाली. तिथलं गवत कमरेएवढं होतं. ती चरायला निघाली की रानडुकरं वाट सोडून उभी राहत. ससे तिच्या खुरांचे ठसे हुंगून जात. वाघ रोज एकदा लंगडत येई, लांब बसून तिच्याकडे टक लावून बघे आणि मोठा उसासा टाकून परत जाई. राजाची भक्ती पाहून प्रजेचे डोळे भरून येत.

बांडीला पहिले काही दिवस झोपच लागली नाही. खरं बोललं तर वाघ खाणार, हे तिला कळत होतं. म्हणून ती काहीच बोलत नसे. तेव्हा तिला मितभाषी म्हणू लागले. मग हळूहळू भीती कमी झाली आणि तिला बरं वाटू लागलं. गळ्यात दोर नाही, संध्याकाळी कुडात कोंबणं नाही, कुणी काठी घेऊन मागे नाही. कोंडाबाईची आठवण येई, विशेषतः ती दूध काढताना जे गाणं पुटपुटायची त्याची. पण वाडीवर जत्रेच्या आधी दर वर्षी कुणी ना कुणी शेळी नाहीशी होई, हेही तिला आठवे. मग ती आणखी थोडं गवत खाई.

झऱ्याच्या पलीकडे सोनकी नावाची एक भेकर राहायची. भेकर म्हणजे लहान चणीचं हरीण. धोका दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं. सोनकीचा नवरा मागच्या हिवाळ्यात वाघाने नेला होता. आता तिला एकच पाडस होतं. त्याच्या अंगावर ठिपके होते म्हणून त्याला ठिपक्या म्हणत. सोनकी दिवसभर कान टवकारून उभी असे. ठिपक्याने एक घास खाल्ला की ती चारदा मान फिरवून मागे बघे. तिने स्वतः पोटभर खाल्लेलं बांडीने कधी पाहिलं नाही.

दोघींचं जमलं. सोनकी तिला बाई म्हणायची. बांडी जवळ असली की वाघ झडप घालत नाही, एवढं सोनकीच्या लक्षात आलं होतं. म्हणून ती ठिपक्याला बांडीच्या आसपास चरायला सोडायची. एकदा बांडीला राहवलं नाही. तिने सोनकीला सगळं सांगितलं. वाडी, कोंडाबाई, बोराटी, वावटळ, सगळं. सोनकीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की बाई, तुम्ही मोठ्या मनाच्या आहात. आम्हाला कमीपणा वाटू नये म्हणून असं बोलता.

पुढे उन्हाळा अर्धा सरला आणि वावटळी थांबल्या. आभाळातून काही पडेना. टिटवी सकाळी उठून वर बघे आणि गप्प राही.

जंगलाला करमेना. आपलं काही चुकलं का, वरची मंडळी रागावली का, अशी कुजबुज सुरू झाली. तरसपंतांनाही काळजी पडली. कारण पडणारे थांबले की लोक खाली बघू लागतात, आणि खाली बघितलं की राजा किती लंगडतो ते दिसतं.

तेव्हा एक ससा नाकाड्यावर चढला. नाकाडा हा त्या जंगलातला उंच कडा. नाकासारखा पुढे आलेला म्हणून नाकाडा. ससा वरून ओरडला की मीही आभाळातलाच आहे, लहानपणी पडलो होतो, पण कोणी पाहिलं नाही. आता पुन्हा पडून दाखवतो. आणि त्याने उडी मारली.

तो करवंदीच्या जाळीत पडला आणि वाचला. दरबारात बराच खल झाला. शेवटी तरसपंतांनी निकाल दिला की पडला हे तर सगळ्यांनी पाहिलं आहे. कुठून पडला हा बारीकसारीक मुद्दा आहे. ससा आभाळकर झाला.

दुसऱ्या दिवशी नाकाड्यावर रांग लागली.

आता सगळेच काही करवंदीत पडेनात. एका चितळाची मान मोडली. एका रानडुकराचे पाय गेले. तेव्हा कायद्याला एक पोटकलम जोडावं लागलं. जो खरोखर आभाळातला आहे, त्याला पडण्याची सवय असते, म्हणून त्याला काही होत नाही. ज्याला काही होतं, तो भुईकर. भुईकर असून आभाळकर म्हणवतो, म्हणजे तो खोटारडा. आणि खोटारड्याला शिक्षा व्हायला हवी.

शिक्षा वाघ स्वतः देत असे. कड्याच्या पायथ्याशी सावलीत बसून. तरसपंत शेजारी असत.

टिटवीच्या जिवात जीव आला. ती पुन्हा ओरडू लागली, “आज आभाळ स्वच्छ. सकाळी दोन-चार ससे, संध्याकाळी एखादं चितळ पडण्याची शक्यता.”

एकदा बांडी पायथ्याशी गेली. एक सांबरीण पडलेली होती. तिचा श्वास चालू होता. तिने बांडीकडे पाहिलं आणि विचारलं, “माझं काय चुकलं, बाई? पाय आधी टेकवायला हवे होते का?” त्या दिवशी तिने गवताला तोंड लावलं नाही.

सकाळी ती उठली आणि सरळ वाघाकडे गेली. वाघ जांभळीखाली एकटाच डोळे मिटून पंजे चाटत बसला होता. तो आता चांगला गुबगुबीत दिसत होता. बांडीने एका दमात सांगून टाकलं की मी आभाळातली नाही. मी साधी शेळी आहे. डोंगरापलीकडची. मला वाऱ्याने आणून टाकलं.

वाघाने एक डोळा उघडला.

“ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. शेळीचा वास मी ओळखत नाही असं वाटलं का तुला?”

“मग मला खाल्लं का नाही?”

“कायदा होता,” वाघ म्हणाला. “पहिले काही दिवस फार जड गेलं. आता जात नाही.” त्याने दुखरा पाय पुढे घेतला आणि तिला दाखवला. तो जरा दमलेल्या आवाजात बोलत होता, पण त्यात राग नव्हता. तो म्हणाला की या पायाने त्याला वर्षभरात एक धड शिकार मिळाली नव्हती, सोनकीचा नवरा सोडला तर. उपाशी राजा किती दिवस राजा राहतो? आता कुणाच्या मागे धावावं लागत नाही. सगळे आपल्या पायांनी वर चढतात आणि आपल्या मर्जीने खाली येतात.

“तुला खाल्लं तर मला एक शेळी मिळेल,” तो म्हणाला. “नाही खाल्लं तर सगळं जंगल मिळतं. तू अशीच चरत राहा. चांगली दिसतेस.”

बांडी म्हणाली की मग ती हे सगळ्यांना सांगेल. वाघाने जांभई दिली आणि म्हणाला, सांग.

तिने सांगितलं. नाकाड्याच्या वाटेवरच्या मोठ्या धोंड्यावर उभी राहून तिने रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आभाळात कोणी राहत नाही. मी पडले तेव्हा खाली झुडूप होतं म्हणून वाचले. राजा तुमचीच वाट बघत खाली बसला आहे. घरी जा.

मग एक म्हातारं चितळ पुढे आलं. त्याने आदराने मान लववली आणि म्हणालं की बाईंना असं बोलणं शोभत नाही. स्वतः झऱ्याकाठी कमरेएवढ्या गवतात राहायचं, आणि दुसरा कोणी वर यायला बघतो तर वर काही नाही म्हणायचं. ज्यांना मिळालं ते नेहमी असंच बोलतात. मागून कोणीतरी म्हणालं की आता आभाळकर फार झाले ना, म्हणून यांना अडचण होते. रांग पुढे सरकली.

बांडीने पुन्हा वाघाला गाठलं. या वेळी तो पायथ्याशी बसला होता, आणि पुष्कळ प्राणी जमले होते. ती सगळ्यांसमोर त्याच्या पुढ्यात जाऊन मान लांब करून उभी राहिली. म्हणाली, खा मला. म्हणजे यांना पटेल.

मुलांनो, वाघाच्या तोंडापाशी शेळीची मान होती, आणि वाघाने तोंड बाजूला फिरवलं. त्याला किती त्रास झाला असेल याचा विचार करा. सगळ्या जंगलाने ते पाहिलं, आणि बांडीबद्दल ज्यांच्या मनात थोडीफार शंका होती, तीही त्या दिवशी गेली.

ती झऱ्यावर परतली तर सोनकी ठिपक्याचं अंग चाटून चाटून साफ करत होती. इतक्या निगुतीने ती का चाटते आहे हे बांडीला लगेच कळलं. तिने विचारलं, उद्या का. सोनकीने मान डोलावली.

बांडीने तिला परोपरीने समजावलं. मोडलेल्या मानांची, त्या सांबरिणीची आठवण करून दिली. सोनकी ऐकत होती, पण चाटायची थांबत नव्हती. शेवटी ती म्हणाली,

“बाई, मी रात्रंदिवस उभी असते. मला डुलकीसुद्धा घेता येत नाही. हा थोडा मोठा झाला की माझ्यापासून लांब जाईल, आणि मग एक दिवस मला नुसतं भुंकायला मिळेल. त्याच्या बापाच्या वेळी मिळालं तेवढंच. उद्या जाळीत पडला, तर जन्मभर त्याला कोणी हात लावणार नाही. नाही पडला, तर जे व्हायचं ते लवकर होईल. तुम्ही वरून आल्यात. तुम्हाला हे नाही कळणार.”

बांडीला कळत होतं. वाडीवर तिचीही दोन करडं होती. एके जत्रेपर्यंत.

सकाळी ती त्या दोघांबरोबर नाकाड्यावर गेली. धुकं होतं. सोनकी पावलापावलाला थांबून मागे बघत होती, ठिपक्या मात्र मजेत होता. कड्याच्या टोकाशी बांडीने खाली वाकून पाहिलं आणि तिला काहीतरी निराळंच दिसलं. बाकीच्यांना दिसे ती नुसती खोल दरी. बांडी शेळी होती. तिला दिसले टप्पे. इथे खूर मावेल एवढी कपार, तिथे एक उंबराचं मूळ, त्याखाली बसायला पुरेल एवढी फरशी. वाडीवर असताना हिरव्या पाल्यासाठी ती याहून वाईट जागी उतरलेली होती, आणि कोंडाबाईच्या शिव्या खात पुन्हा वर आली होती.

“उडी मारायची नाही,” ती ठिपक्याला म्हणाली. “मी जिथे पाय ठेवीन तिथेच ठेव. दुसरीकडे बघू नकोस.”

ती पुढे, मध्ये ठिपक्या, मागे सोनकी. असे तिघे धुक्यातून कडा उतरले. शेवटचा टप्पा पुरुषभर उंचीचा होता. तिथे त्यांनी उडी घेतली आणि धप्प आवाज करत वाघाच्या समोर येऊन उभे राहिले. तरसपंतांनी ठिपक्याचे चारही पाय दाबून पाहिले, मान हलवून पाहिली. काही मोडलेलं नव्हतं. सोनकीचंही नव्हतं.

ठिपक्या आभाळकर झाला. सोनकी झऱ्याकाठी गेली, आडवी झाली आणि उन्हं कलेपर्यंत झोपली. बांडी तिच्या उशाशी बसून राहिली. तिने कोणाला असं झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं.

गुपित दोन दिवस टिकलं. सोनकीने फक्त बहिणीला सांगितलं. बहिणीने फक्त जावेला सांगितलं. मग झऱ्यावर रांग लागली. बाई, आम्हालाही पडायला शिकवा. बांडी म्हणाली की हे पडणं नाही, उतरणं आहे. त्यांनी हो हो म्हटलं आणि आपसांत त्याला पडणंच म्हणत राहिले. खूर असलेले सगळे एकामागून एक शिकले. सशांना कपारी लांब पडत, म्हणून ससे सांबरांच्या पाठीवर बसून आले. पावसाळा तोंडाशी आला तोवर त्या जंगलात गवत खाणारा एकही प्राणी भुईकर उरला नव्हता.

टिटवीची वर्दी आता लांबलचक झाली होती. आणि पायथ्याशी वाघ उपाशी बसला होता.

त्याने कायदा बदलायचा विचार केला. पण सगळे आभाळकर एका बाजूला आणि कायदा दुसऱ्या बाजूला असं झालं की कायदा बदलता येत नाही. त्याने धावून पाहिलं. पायाला कळ आली. तरसपंतही वाळले होते, कारण उष्टं पडायचं तर आधी कोणीतरी जेवावं लागतं. उपाशीपोटी तरसपंतांना जास्त चांगलं सुचत असे. एका सकाळी भरल्या दरबारात ते म्हणाले की प्रजेच्या मनात एक नाजूक प्रश्न आहे. सगळी प्रजा आभाळातली, आणि राजा तेवढा भुईकर. हे बरं दिसत नाही.

प्राण्यांच्या मनात असा प्रश्न नव्हता. पण ऐकल्यावर तो सगळ्यांना आपलाच वाटला. त्यांनी महाराजांना हात जोडून विनंती केली की आपणही एकदा पडावं. त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. त्यांना आपला राजा आपल्या बरोबरीचा हवा होता.

वाघाला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणावं तर मग तो कोण? भुईकर. आणि भुईकराचं काय करतात, हे त्यानेच ठरवलेलं होतं.

त्याच दुपारी तो लंगडत झऱ्यावर आला आणि बांडीला म्हणाला, मला वाट दाखव. बांडीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या बरगड्या दिसत होत्या. सोनकी लांब जाऊन उभी राहिली. तिला वाटलं होतं की बांडी त्याला खुशाल वर नेईल, आणि नेलं असतं तर तिला वाईट वाटलं नसतं. पण बांडीला खोटं बोलायची सवयच नव्हती.

“महाराज, ती वाट खुरांची आहे,” ती म्हणाली. “कपारी दोन बोटं रुंद आहेत. तुमचा पंजा तिथे मावणार नाही, आणि एक पाय तर दुखरा आहे. तुम्ही जाऊ नका. सरळ सांगून टाका की मी इथलाच आहे. मी तुमच्या शेजारी उभी राहून सांगेन की मीही साधीच आहे.”

वाघ हळूच हसला.

“एवढ्या सगळ्यांना दाखवलीस,” तो म्हणाला, “आणि मला तेवढी नाही. बरोबर आहे तुझं. तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.”

तो स्वतःच नाकाड्यावर गेला. चढायला त्याला फार वेळ लागला. सगळं जंगल खाली जमलं होतं. टोकावर उभा राहिला तेव्हा तो खरोखर राजासारखा दिसला, असं पुढे पुष्कळ जण सांगत. पहिल्या कपारीवर त्याने पंजा ठेवला. दुसरी कपार त्याला सापडली नाही.

तरसपंतांनी चारही पाय दाबून पाहिले. मान हलवून पाहिली. मग जड आवाजात सांगितलं की कळवायला दुःख होतं, महाराज आभाळातले नव्हते. पुढचं पोटकलमाप्रमाणे झालं. शिक्षा द्यायला आता राजा नव्हता, म्हणून ते कर्तव्य प्रधानांना एकट्यालाच पार पाडावं लागलं. ते पार पाडताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. घास मोठा असला की तरसांच्या डोळ्यांत येतंच.

प्राण्यांनी बांडीला गादीवर बसायची गळ घातली. ती म्हणाली, मी शेळी आहे. तिच्या नम्रतेची वाहवा झाली, आणि गादी तिच्या नावाने रिकामी ठेवायचं ठरलं. राज्यकारभार तात्पुरता तरसपंतांकडे गेला. पडणं चालू ठेवायचं हे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. परंपरा मोडायची नाही, फक्त वाट दर वर्षी थोडी अवघड करायची.

हे ऐकून बांडीला सगळं समजलं. ती पुन्हा धोंड्यावर चढली आणि तिने तेही सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी आदराने ऐकून घेतलं.

पावसाळ्यात ठिपक्याच्या अंगावरचे ठिपके पुसट झाले. तो आता आईला सोडून लांब लांब चरायला जाई. एकदा पाणी पिता पिता त्याने बांडीला विचारलं की वर नक्की कसं असतं.

“वर वारा असतो,” बांडी म्हणाली. “खायला काही नसतं. आणि खाली कोणीतरी हात हलवत असतं, ते लहान लहान होत जातं.”

ठिपक्या खूप हसला. मग त्याने हे जाऊन मित्रांना सांगितलं, आणि तेही हसले.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. भिऊ नये. त्यावर कोणी विश्वास ठेवत नसल्यामुळे त्यात फारसा धोका नसतो.